फरशीवरचे वड

नागपुरात बॉन्सायचं प्रदर्शन भरतं ते हिवाळ्यात, आणि टेबलापाशी उभं राहिलं की दिवसभर एकच प्रश्न येतो : "किती वर्षांचं आहे हो हे?" मालक जरा खाकरतो, पाटीकडे बघतो आणि आकडा सांगतो. पाटीवर ३५ लिहिलं असेल तर त्यातली बरीच वर्षं हौसेची असतात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झाडाचा जन्मदाखला कोणाकडेच नसतो. रोप घेतलं तेव्हा ते केवढं होतं हा एक अंदाज, त्याआधी नर्सरीत किती काळ पडून होतं हा दुसरा अंदाज, आणि दोन्हींची बेरीज करताना सगळ्यांचाच हात सैल सुटतो.

विचारायला हवा तो प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. यातली किती वर्षं झाड कुंडीत होतं आणि किती जमिनीत? कारण टेबलावरच्या त्या दीड फुटी वडाचं मांडीएवढं खोड त्या उथळ ट्रेमध्ये झालेलं नसतं. होऊच शकत नाही. खोड पोसलं जातं वरच्या पानांनी केलेल्या अन्नावर. कुंडीत मुळांना जागा नाही, म्हणून पानं मोजकी. पानं मोजकी, म्हणून खोड जिथल्या तिथं. अंगठ्याएवढं रोप एकदा ट्रेमध्ये बसवलं की ते बरीच वर्षं अंगठ्याएवढंच राहतं. तेच शेतात मोकळं सोडा, काही पावसाळ्यांत मनगटाच्या पुढे जातं. छोटं झाड करायचं तर आधी ते मोठं होऊ द्यावं लागतं, तेही बेढब, अस्ताव्यस्त, कोणाला दाखवायची लाज वाटेल असं. हा भाग प्रदर्शनात दिसत नाही. तो दिसतो काटोल रोडनं कळमेश्वरच्या बाजूला गेलं की, एका संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या तुकड्यात. आमच्या बॉन्सायवाल्यांच्या गटानं तो भाड्यानं घेतलाय. पुढचे किस्से बहुतेक तिथलेच.

सुरुवात मातीपासून करावी लागेल, कारण सगळी भांडणं तिच्यावरूनच झाली. नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या कडेवर बसलेलं शहर. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि कामठीकडे गेलात की खडक बदलतो. पश्चिमेला संत्र्याच्या पट्ट्यात काळी माती. आमच्यातले एक डॉक्टर पहिल्यांदा या जागेवर आले तेव्हा मूठभर माती उचलून "सोनं आहे हो, सोनं" म्हणाले आणि वडाची रोपं त्यांनी थेट त्या सोन्यात लावली. पावसाळ्यात झाडं सुटली. डॉक्टर दर रविवारी त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे.

मग मे आला. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. तिला भेगा पडतात, त्यात हात जाईल एवढ्या. भेग जिथून जाते तिथली मुळं ताणून तोडते. तुटतात ती वरवरची, आडवी पसरलेली मुळं. बॉन्सायवाला ज्यांच्यासाठी जीव टाकतो, नेमकी तीच. उरलेली ओल शोधत सरळ खाली जातात. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हाळ्यात झाडाचं तरी काय चुकतं? डॉक्टरांचं पहिलं झाड पावसाच्या तोंडावर खणून काढलं तेव्हा वर दहा फूट वड आणि खाली गाजर निघालं. एकच सोटमूळ, बाजूला काही नाही. डॉक्टर बराच वेळ त्याच्याकडे एक्स-रे बघावा तसे बघत होते.

जमिनीचे मालक संत्रेवाले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. ते बांधावरून हे सगळं पाहत होते. "वाफा उचला ना बापा," ते म्हणाले. "पाणी थांबलं तं संत्र्याले डिंक्या होते, खोडातून गोंद गळते. तुमचं झाड काय आभाळातून पडलं हाय का?" तेव्हापासून दीड फूट उंचीचे वाफे आले : मुरूम, विटांचा चुरा, शेणखत, आणि काळी माती चवीपुरती. वाफ्यावर कूलरच्या जुन्या ताट्या अंथरायच्या. नागपुरात दर उन्हाळ्यात घराघरांतून त्या फेकल्या जातात. आम्ही गोळा करतो. ऊन थेट मातीला लागत नाही आणि वरच्या चार इंचांत ओल टिकते. मुळांना वर ठेवायचं तर वर प्यायला काहीतरी पाहिजे.

तरी सोटमूळ खाली जातंच. त्याला अडवायला फरशी. आमच्याकडे शहाबादी फरशीचे तुकडे, कोणाच्या तरी बांधकामातून उरलेले. रोपाचं सोटमूळ कापायचं, बाकीची मुळं फरशीवर चहूबाजूंनी पसरायची आणि वर तीन बोटं माती लोटायची. मूळ फरशीला टेकलं की आडवं वळतं. जपानमध्ये काही जण याच्याही पुढे जाऊन मुळं लाकडी फळीवर खिळ्यांनी ठोकतात. ते आम्ही भाऊंना सांगितलं तेव्हा ते नुसतेच हसले, पण दुसऱ्या दिवशी कोणत्या मापाचे खिळे लागतात ते विचारून गेले.

एक वड उचलण्याचा दिवस जरा जवळून सांगतो. मृगाचा चांगला पाऊस होऊन गेलेला. आधी कोयत्यानं वरचा पसारा उतरवला. चीक गळत होता, तो हाताला लागला की दोन दिवस काळे डाग राहतात. मग शेतावरच्या माळीबुवांनी झाडाभोवती हातभर अंतरावर फावडं उभं घालत फेरी मारली. आतली मुळं कापली जाताना वरपर्यंत कचकच ऐकू येत होती. दोघांनी पहार खाली घातली आणि फरशीसकट गड्डा वर आला. पाइपच्या पाण्यानं माती धुतली. फरशी हातानं सोडवली तेव्हा खालची बाजू तळहातासारखी सपाट. वरून पाहिलं तर खोडाच्या पायथ्यापासून मुळं चारी दिशांना निघालेली, जिथे एकमेकांना टेकली तिथे साल एकजीव झालेली. वडाच्या, उंबराच्या कुळातच ही खोड आहे, मुळाला मूळ लागलं की चिकटतं.

सगळे खूश. एवढ्यात माळीबुवा उत्तरेकडच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "हा चोर पाहा." एक मूळ फरशीच्या कडेवरून खाली उतरलं होतं, कोपराखालच्या हाताएवढं जाड. कापलेल्या टोकावरून कळत होतं की फरशीखालच्या काळ्या मातीत त्यानं स्वतंत्र संसार थाटला होता. त्या बाजूचं खोड फुगलेलं, समोरच्या बाजूची मुळं काडीसारखी राहिलेली. झाड तिरपं नव्हतं, पण डोळ्याला तिरपं वाटत होतं.

यावरचा उपाय माळीबुवांकडून शिकावा. जाड मूळ खोडापाशी आखूड कापायचं, बारीक मूळ लांब ठेवायचं. चोराला वीतभरावर छाटलं, काड्यांना हात लावला नाही, आणि झाड पुन्हा फरशीवर बसवून मातीखाली पुरलं. दर दुसऱ्या पावसाळ्यात हेच. उत्साही माणसांना इथे एक मोह आवरत नाही : मुळं छान दिसायला लागली की ती उघडी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. उघड्या मुळाची साल खोडासारखी टणक होते आणि त्याचं जाड होणं मंदावतं. शेतात असेपर्यंत मुळं झाकलेलीच बरी. कौतुक नंतर.

भाऊंची आणि आमची खरी जुंपली ती पाणसोटावरून. संत्र्याच्या बागेत बुंध्यातून सरळसोट निघणारा फुटवा म्हणजे वैरी. तो अन्न खातो आणि फळ देत नाही, म्हणून दिसला की काढायचा. आमच्याकडे तोच लाडका. खोडाच्या अगदी खालून निघालेली अशी एक फांदी आम्ही मुद्दाम राखतो आणि तिला दहा-बारा फूट वाढू देतो. जितकी ती वाढते तितकं तिच्या खालचं खोड जाड होतं. जपानी बॉन्सायवाले तिला बळीची फांदी समजूनच वाढवतात : काम झालं की कापायची. भाऊंनी एकदा सकाळी येऊन, आमच्यावर उपकार म्हणून, अख्ख्या रांगेचे पाणसोट काढून टाकले आणि दुपारी फोनवर सांगितलं, "तुमची बाग साफ करून देली, पैसे नका देऊ." फोन ठेवल्यावर आमच्या गटातल्या एका काकूंनी जे शब्द वापरले ते छापता येणार नाहीत. त्या रांगेचा एक हंगाम गेला. पण हिशेबानं पाहिलं तर भाऊंनी आम्हाला दिलंही तेवढंच. फांदी कापल्यावर उरणाऱ्या जखमेला आम्ही काय काय महागडे मलम लावायचो. त्यांनी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट दिली. दर वर्षी संत्र्याच्या बुंध्यांना लागते तीच, निळसर. बुरशी नाही, कीड नाही. डब्यावर जपानी अक्षरं नाहीत एवढीच उणीव.

महाल आणि इतवारीतले जुने वाडे पडायला लागले तसा आमच्यातल्या काहींना वेगळाच नाद लागला. भिंतीतले पिंपळ. विटांच्या फटीत उगवलेला, तहानेनं खुजा राहिलेला पिंपळ म्हणजे आयतं बॉन्साय, असं वाटतं. कंत्राटदार आधी ओळखीचा करून ठेवायचा, तो भिंत पाडण्याच्या आदल्या दिवशी फोन करतो. एकदा असंच पहाटे गेलो तर मजूर पिंपळाला हात लावायला तयार होईनात. मुंजा असतो म्हणे. शेवटी नारळ फोडला, अगरबत्ती लावली आणि एका म्हाताऱ्या गवंड्यानं, "मी घेतो अंगावर," म्हणत छिन्नी लावली. निघालेलं मूळ पाहण्यासारखं होतं : दोन विटांच्या सांध्यात दाबलं जाऊन पट्टीसारखं चपटं, आणि विटेच्या कोपऱ्याशी काटकोनात वळलेलं. सालीत चुना रुतलेला, तो ब्रशनं घासूनही निघाला नाही.

ते झाड आता बरं आहे. पण पिंपळ शेतात वाढवण्याच्या मी विरोधात आहे आणि गटात त्यावरून माझी चेष्टा होते. पिंपळाच्या पेरांतलं अंतर लांब, पानाचा आकार कमी व्हायला कुरकुर, आणि मोठी फांदी छाटली की ती पुष्कळदा मागे वाळत जाते. वडाला कापा, चार ठिकाणांहून फुटतो. उंबर, पिंपरी, चिंच, बोगनवेल यांच्याशीही व्यवहार करता येतो. पिंपळ रुसतो.

वडाचा प्रश्न वेगळा. त्याच्या छाटणीचा हंगाम आणि वटपौर्णिमा एकाच महिन्यात येतात. एका वर्षी नेमकं पौर्णिमेच्याच दिवशी आम्ही करवती घेऊन शेतावर पोचलो, तर भाऊंच्या घरच्या वहिनी आणि शेजारच्या बायका ताटं घेऊन वाफ्याशी उभ्या. त्यांना लांब वडापर्यंत जायचा त्रास वाचला होता, इथे रांगच होती. वहिनींनी करवत पाहिली. "आज वडाले करवत लावता?" एवढंच म्हणाल्या. करवती गाडीत परत गेल्या. बायकांनी रांगेतलं सगळ्यात जाड झाड निवडलं (नजर चांगली होती), सात फेरे घातले आणि जाताना आम्हाला आंबे दिले. तेव्हापासून छाटणीची तारीख पंचांग पाहून ठरते.

त्या झाडाभोवतीचा दोरा सुती होता, दोन महिन्यांत कुजून गेला. शेजारच्या झाडाला मात्र कोणीतरी नावाची पाटी जस्ताच्या तारेनं बुंध्याशी बांधली होती आणि पाटी गळून पडल्यावर तार विसरली गेली. खोड वाढलं, तार सालीत रुतली. पावसात वाफ्याची माती वाहून तिच्यावर चढली. झाड उचललं तेव्हा तारेच्या खालचा भाग बारीक, वरचा कडा सुजलेला, आणि त्या सुजेतून गोल, एकाही बाजूला खंड न पडता, मुळं फुटलेली. मुद्दाम करायला गेलो असतो तर इतकी नीट साधली नसती. कारण सोपं आहे. पानांतलं अन्न सालीतून खाली येतं; तारेनं वाट अडवली की ते तिथेच साचतं, आणि ओल मिळाली की तिथून मुळं निघतात. गुटी कलमात साल काढून आपण हेच करतो. आता ज्या झाडाचा पायथा एका बाजूला भुंडा आहे त्याला आम्ही मुद्दाम तांब्याची तार आवळतो, वर माती चढवतो. ती पहिली तार बांधणारा कोण हे कळलं नाही. श्रेय घ्यायला तिघं पुढे आले.

जमीन नसलेल्यांचीही एक युक्ती आहे, पण ती युक्ती म्हणून क्वचितच घडते. धरमपेठेतल्या एका निवृत्त जोडप्याकडे खिडकीच्या कूलरखाली उंबराची कुंडी होती. कूलर गळका. उन्हाळाभर टपटप पाणी, बाकी वर्षभर कोणाचं लक्ष नाही. खोड इतकं भरलं की काकांना प्रदर्शनात मांडायची इच्छा झाली. कुंडी उचलायला गेले तर हलेना. भोकातून निघालेलं मूळ अंगणात शिरलं होतं आणि कुंडी ही निव्वळ सजावट उरली होती. झाड केव्हाच शेतातलं झालं होतं. काका लगेच करवत आणायला निघाले, काकूंनी आम्हाला फोन केला. एका झटक्यात ते मूळ कापलं असतं तर उंबर गेला असता. त्या पावसाळ्यात मूळ अर्धंच कापलं, पुढच्या पावसाळ्यात उरलेलं, तेही वरची पानं काढून मगच. कुंडी फोडावी लागली. झाडानं उरलीसुरली पानं टाकली, महिनाभर काड्या उभ्या होत्या, मग फुटलं. कूलर दुरुस्त झाला याचं काकूंना आता वाईट वाटतं.

कापण्याचा दिवस हा सगळ्यात मोठा प्रसंग. बारा फुटी वड डोळ्यांदेखत गुडघ्याएवढा करायचा. अंदाज असा, की तयार झाडाची उंची पायथ्याच्या जाडीच्या सहापट असेल तर ते डोळ्याला जुनं दिसतं. पहिला छेद त्याच्याही खाली, जाडीच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर. वर नवा शेंडा फुटतो, तो जाड होईपर्यंत पुन्हा मोकळा सोडायचा, मग पुन्हा कापायचा. अशा प्रत्येक छेदागणिक खोड वर निमुळतं होत जातं. चीनमध्ये ग्वांगडोंगकडच्या लिंगनान शैलीचं सगळं शास्त्र याच कापण्या-वाढवण्यावर उभं आहे, तारेनं वाकवण्यावर त्यांचा भर कमी. हवा आपल्यासारखीच उष्ण, त्यामुळे आम्हाला जपानी पुस्तकांपेक्षा त्यांचं जास्त लागू पडतं. जपानलाही शेत चुकलेलं नाही म्हणा. शिकोकू बेटावर ताकामात्सुजवळ किनाशी आणि कोकुबुंजी इथे पाइन शेतात रांगांनी वाढवतात. जपानच्या पाइन बॉन्सायपैकी सुमारे ८० टक्के त्या भागातून येतात असं सांगतात. तिथल्या शेतातही बांधावरून हसणारा कोणी भाऊ असेलच.

आमच्याकडे कापायच्या दिवशी घरची माणसं आणू नयेत, असा अलिखित नियम झालाय. एका सदस्याच्या सासूबाई आल्या होत्या. कापलेल्या शेंड्यांचा ढीग आणि मागे उरलेले ठोंब पाहून जावयाला म्हणाल्या, "इतकी वर्षं पाणी घातलं ते यासाठी?" त्याच्याकडे उत्तर होतं, पण सासूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीचं सांगून टाकतो. जिथे मुळं लंगडी आहेत तिथे शेवाळ येतं, भरघोस. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात शेवाळ मिळायचं कुठून? गळक्या टाकीच्या भिंतीवरून. कोणाची टाकी गळते याची यादी गटात फिरते. बळीच्या फांदीची जखम नेहमी मागच्या बाजूला जाते. म्हणून टेबलं भिंतीला लावा, असा आग्रह धरणारा माणूस दिसला की समजावं. आणि खरेदीला आलेला जाणकार ओळखायचा तर तो वय विचारत नाही. तो वाकतो, बोटानं शेवाळ जरासं उचलतो आणि खोड मातीत शिरतं ती जागा बघतो. त्याच्यापुढे पाटीवरच्या आकड्याचा उपयोग नसतो.

भाऊंकडे काही वर्षांपूर्वी बागेचा जुना भाग वाळायला लागला आणि त्यांनी झाडं उपटायला काढली. त्यातले बुंधे आम्ही मागून घेतले. संत्र्याचं लाकूड हळू भरतं, एवढं जाड आणि गाठाळ खोड आम्हाला शेतात फार काळ वाट पाहूनच मिळालं असतं. यात एक मेख आहे : संत्रं जांभेरीच्या खुंटावर बांधलेलं असतं. कलमाच्या जोडाच्या वरून फुटलं तर संत्रं, खालून फुटलं तर जांभेरी. आमच्या बहुतेक ठोंबांनी जांभेरीच दिली. दोनेक वरून फुटले, ते वाफ्यावर लावले आणि त्यांतल्या एकावर फूल दिसलं.

भाऊ रोज येऊन पाहायचे. एके दिवशी विचारलंच, "याले संत्रं लागन का?"

लागेल, मी म्हटलं, फक्त एक आहे. पानं बारीक करता येतात, फळ बारीक होत नाही. एवढ्याशा झाडाला पूर्ण आकाराचं संत्रं येईल, म्हणून एकापेक्षा जास्त ठेवायचं नाही.

भाऊंनी ठोंबाकडे पाहिलं, मग आपल्या बागेकडे. "म्हणजे कळमन्याच्या मंडीत एकच संत्रं घेऊन जाऊ का मी?" आणि निघता निघता वळून, "कुंडीसकट किती येतीन पण याचे?"